गेलेल्यांना रंग नाही

“यांना सोडून बाकीच्यांना रंग द्या,” तो म्हणाला आणि फोटोतल्या पुरुषाच्या छातीवर त्यानं बोट ठेवलं.

फोटो आमच्याच स्टुडिओत काढलेला होता. मागचा पडदा मी लगेच ओळखला. कमळांचं तळं आणि काठाला संगमरवरी कठडा रंगवलेला तो पडदा आता आतल्या खोलीत गुंडाळून उभा होता. तळ्यापुढे खुर्चीवर एक पस्तिशीचा माणूस ताठ बसलेला, त्याच्या मांडीवर फ्रॉकातली लहान मुलगी, शेजारी दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेली बायको, आणि दोघांच्या मध्ये पाण्यानं भांग चोपून बसवलेला एक मुलगा. तो मुलगाच आता पंचविशीचा होऊन काउंटरपाशी उभा होता.

“वडील का?” मी विचारलं.

“हो. विलास थोरवत. मी उदय.”

“कधी गेले?”

“बारा वर्षं झाली.”

२००३ साल होतं. विट्यात तेव्हा अशा फोटोंची लाटच आली होती. लग्नाचा अख्खा फोटो काळा-पांढरा आणि त्यात नवरीचा शालू तेवढा लाल. बारशाचा फोटो करडा आणि पाळण्याची फुलं पिवळी. कोल्हापुरातून चित्रकलेचं शिक्षण पुरं करून मी गावी परतले होते आणि दिनूकाका पेठकरांच्या ‘छायादीप’मध्ये संगणकाचं काम पाहत होते. जुना फोटो स्कॅन करायचा, माणसाच्या कडेकडेनं माउसनं सावकाश रेघ ओढत न्यायची आणि त्या रेघेच्या आत रंग भरायचा. हात हलला की गालाचा रंग मागच्या भिंतीला लागायचा.

दिनूकाकांनी या कामाला स्वतःचा एक नियम घालून दिला होता. सुरुवातीला एका घरच्या एकत्र फोटोत आम्ही वारलेल्या आजोबांनाही छान गुलाबी रंग देऊन ठेवला. पुढे त्या घरी आलेल्या एका पाहुण्यानं फोटो पाहून विचारलं, “आजोबा आत आहेत का? नमस्कार करून निघतो.” आजी दिवसभर रडत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी फोटो परत आला. तेव्हापासून आमच्याकडे गेलेल्या माणसाला रंग द्यायचा नाही, असलेल्याला द्यायचा, हे ठरून गेलं. लोकांनाही ते पटलं. बघता बघता विट्यातल्या बैठकीच्या खोल्यांतून ही रीतच झाली. भिंतीकडे एक नजर टाकली की त्या घरातलं कोण आहे आणि कोण नाही ते नव्या माणसाला कळायचं.

उदयला ती रीत ठाऊक होती. म्हणूनच तो आला होता.

दिनूकाका चष्मा कपाळावर चढवून आतून आले आणि फोटो बघताच म्हणाले, “अरे, हा विलास की. हा फोटो मीच काढलाय. हसायलाच तयार नव्हता गडी. पण हा गेला कधी? मला कसं कळलं नाही?”

“गेले म्हणजे काका...” उदयनं फोटो हातात घेतला आणि पुन्हा ठेवला. “सापडले नाहीत.”

आमच्या तालुक्यातले पुरुष सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या कामासाठी देशभर पांगलेले असतात. गलाईला गेले, एवढं म्हटलं की आमच्याकडे सगळं कळतं. केरळात, आसामात, कुठल्याही सराफ गल्लीच्या तोंडाशी भट्टीपुढे बसलेला माणूस विट्याकडचा निघतो. विलास थोरवत कोइमतूरला एका नातेवाइकाच्या भट्टीवर होते. एका सकाळी गावाकडे जातो म्हणून पिशवी घेऊन निघाले, ते गावाला पोहोचलेच नाहीत. भाऊबंद जाऊन शोधून आले, पोलिसात वर्दी दिली, देवऋषी झाले. पुढे सगळे थकले.

“आता शैलाचं ठरलंय,” उदय म्हणाला. “तासगावचं स्थळ. मुलगा चांगला आहे, पण त्याचे काका अडून बसलेत. म्हणतात, बाप आहे की नाही ते एकदा ठरवा. असेल तर मंडपात का नाही? नसेल तर विहीणबाईंच्या कपाळावर कुंकू कसं?”

“तोंड बघा त्या काकाचं,” दिनूकाका पुटपुटले.

“त्यांचंही खरं आहे, काका. पत्रिकेत नावाआधी ‘श्री.’ लिहू की ‘कै.’, मला सांगा. गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, बारा वर्षं पत्ता नसला की शास्त्रात सोय आहे. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, अग्नी द्यायचा, दिवस घालायचे. सोमवारी नदीवर करतोय.”

“आई काय म्हणते?”

“काही म्हणत नाही. कुणी विषय काढला की उठून भांडी घासायला जाते. घासलेलीच पुन्हा घासते.” तो माझ्याकडे वळला. “तिला वाटतं, अजून येतील. मॅडम, किती दिवस वाट बघायची माणसानं? हा फोटो मोठा करून मंडपात दाराशी ठेवायचा आहे. बघणाऱ्यानं कुणी काही विचारायला नको.”

मी कामाचं बोलले. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग शोधता येत नाहीत, लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच करडे दिसतात. त्यामुळे लुगड्याचा, फ्रॉकचा रंग घरच्याच कुणीतरी सांगावा लागतो. उदयला काही आठवत नव्हतं.

“आईला पाठवतो,” तो म्हणाला. “पण बाबांचं तिच्याजवळ काही काढू नका.”

अनसूयाबाई थोरवत दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. बारीक अंगाची, पन्नाशीची बाई. चप्पल पायरीखाली काढून ठेवली, आणि मी नको म्हणत असताना पदर सावरत खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत कुंकू होतं.

“उदानं धाडलं. रंग सांगायचं हायत म्हणं.”

“हो मावशी. या संगणकाच्या पडद्यावर बघा.”

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, आणि स्वतःला इतकं मोठं बघून लाजून तोंडाला पदर लावला. “अगं बया, ही मी? गाल किती वर आल्यात. शैलीच्या येळचं बाळंतपण अंगावर व्हतं न्हवं.”

दिनूकाका बाहेरच्या खोलीतून म्हणाले, “वैनी, तुम्हीच तेवढ्या नीट बसल्या होत्या. नवऱ्याला हसवून हसवून माझी मान दुखली.”

“त्यास्नी कवा हसायला आलं?” त्या सहज म्हणाल्या.

आम्ही कामाला लागलो. लुगडं अंजिरी होतं, काठ पोपटी. शैलाचा फ्रॉक पिवळा, त्यावर लाल ठिपके, मामानं आणलेला. उदयची चड्डी शाळेचीच, खाकी. रंग चढत गेला तशा त्या खुर्चीत मागे सरकून बसल्या. मी त्यांच्या कपाळावरच्या काळ्या ठिपक्याभोवती रेघ ओढली आणि त्यात लाल भरला. सगळ्या करड्या चेहऱ्यावर तेवढाच एक रंग.

“लई लाल झालं,” त्या म्हणाल्या. “पिंजर व्हती ती. जरा काळपट कर.”

मी केला. त्यांनी मान हलवली.

नंतर त्यांनी आपणहूनच खुर्चीवरच्या माणसाकडे बोट केलं. “आन् ह्येंचा सदरा आकाशी. इजार पांढरी.”

उदयचे शब्द मला आठवत होते. पण नको कसं म्हणायचं ते सुचलं नाही. नुसतं दाखवायला म्हणून मी सदऱ्याला आकाशी रंग दिला. मग विचारत गेले, त्या सांगत गेल्या.

“वर्ण कसा होता?”

“सावळाच. भट्टीपुढं बसून तोंड तेवढं तांबूस.”

“केसांना काळाच देते.”

“ह्यात काळंच व्हतं की. आता कानशिलावर पांढरं झाल्यात. आन् चष्मा लागलाय, त्यो काय ह्यात...”

त्या थांबल्या. बाहेर दिनूकाका कुणाला तरी पासपोर्ट फोटोसाठी हनुवटी वर घ्यायला सांगत होते. अनसूयाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“दार लोट जरा,” त्या म्हणाल्या.

मी दार लोटलं.

“चार वर्षं झाली. आमच्या आळीच्या बायका रामेश्वरला गेल्या व्हत्या, मीबी गेले. परत येताना मदुरेच्या पुढं बस बिघडली. गाव लहान. आपली माणसं असत्यात तसला सराफ बाजार न्हाई, काय न्हाई. बायका झाडाखाली बसल्या. मला तहान लागली म्हणून मी रस्त्याच्या पलीकडं गेले. तिथं एकच भट्टी. धूर दिसला, तसं मला वाटलं, आपल्याकडलं कुणी आसंल, पानी तरी देईल.”

त्या पडद्याकडे बघत बोलत होत्या, आकाशी सदऱ्याकडे.

“ते बसलं व्हतं. मी पानी मागितलं, तवा वर बघितलं. ओळखलं मला. तांब्या दोनी हातांनी धरला, तरी सांडलं. मी पानी प्याले. मला म्हणाले, ‘बाई, अजून पाहिजे का?’”

“बाई म्हणाले?”

“बाई म्हणाले. वाटंवरच्या बाईला म्हणत्यात तसं. आतनं एक बाई काय तरी बोलली, तिकडल्या भाषेत, आन् एक पोरगी येऊन त्यांच्या गुडघ्याला बिलगली. शैली बसली हाय न्हवं ह्यात मांडीवर, एवढीच. मी म्हटलं, नको, भागलं. आन् आले.”

“काहीच बोलला नाहीत?”

“काय बोलू? बस सुरू झाली.”

मला त्यांच्या हाताला हात लावावासा वाटला. पण त्या अशा बसल्या होत्या की धीर झाला नाही.

“घरी कुणाला ठाऊक आहे?”

“तुला. आज.” थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “पोरांस्नी काय सांगू? तुमचा बाप जित्ता हाय, पर त्याला तुमी नको हाईसा, आसं? शैली लहानपणी म्हणायची, बाबा गाडीखाली सापडलं आसतील, म्हणून येत न्हाईत. मी म्हटलं, आसंल. मेलेला बाप बरा की गं, रडून तरी मोकळं व्हता येतं.”

“मग सोमवारचा विधी—”

“उदाला वाटतं, आई वाट बघती. म्हणून समजावतो. ‘आई, सोड आता.’ मी वाट न्हाई बघत. मला ठावं हाय, कुणी यायचं न्हाई. पर जित्या माणसाचा पुतळा करायचा, माझ्या पोराच्या हातनं त्याला आग लावायची, आन् मी कुंकू पुसून बसायचं. कसं बसू? आन् न्हाई म्हटलं तर का न्हाई, ते सांगाय लागतं. सांगितलं तर पोरांचा बाप दुसऱ्यांदा जातो, आन् शैलीचं लगीनबी मोडतं.”

पडद्यावर ते चौघं रंगीत होऊन बसले होते. मागचं तळं तेवढं करडं होतं.

“मी यांना रंग ठेवू का?” मी विचारलं. “उदयना सांगेन, चुकून झालं.”

“न्हाई. तुझ्यावर कशाला? उदानं सांगितलंय तसं कर. काढ त्यांचा.”

मी आकाशी काढला, तांबूस काढला. माणूस पुन्हा करडा झाला. अनसूयाबाई उठल्या, पडद्याच्या अगदी जवळ आल्या आणि आपल्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

“माझाबी काढ,” त्या म्हणाल्या.

“तुमचा का, मावशी?”

“दोघास्नी एकसारखं ठेव.”

“पण आमच्याकडे गेलेल्यांनाच... तुम्ही तर इथं आहात.”

“मी हाय. ह्या फोटोतली न्हाई. ती ऱ्हायली तिकडंच, मदुरेच्या पुढं.” मग हळूच म्हणाल्या, “उदाला ह्यातलं काय सांगू नगंस. शपथ घालत न्हाई, तुझं तूच जप.”

त्या गेल्यावर दिनूकाकांनी पडदा पाहिला आणि चष्मा खाली घेतला. “हे काय? धडधाकट बाईला करडं केलंस? उद्या लोक म्हणतील, पेठकरानं जित्या माणसाचं श्राद्ध घातलं.”

“त्यांनीच सांगितलं, काका.”

“का?”

मी पुन्हा माउस हातात घेतला. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. चाळीस वर्षं लोकांचे चेहरे बघितलेला माणूस. पुढे विचारलं नाही. “मग ते पोरगं आलं की तूच समोर हो,” एवढंच म्हणाले.

उदय शनिवारी आला, सोबत शैला होती. ती सारखी बोलणारी, हसरी मुलगी होती. आल्या आल्या तिनं दिनूकाकांना बजावलं, की लग्नात नवरदेवाच्या टकलावर उजेड पाडायचा नाही, नाही तर बिल मिळणार नाही. मी छापलेला मोठा फोटो काउंटरवर उलगडला. ठिपक्यांचा पिवळा फ्रॉक बघून ती आनंदली. “हा फ्रॉक! दादा, हा तू शाईनं...” आणि ती मध्येच थांबली.

पिवळ्या फ्रॉकातली मुलगी करड्या मांडीवर बसली होती. खाकी चड्डीतला मुलगा दोन करड्या माणसांच्या मध्ये उभा होता. बाकी सगळीकडे राख पसरल्यासारखं दिसत होतं.

“मॅडम, हे चुकलंय,” उदय म्हणाला. “आईचं राहिलंय.”

“राहिलं नाही. मी रंग दिला होता. त्यांनी काढायला लावला.”

“काढायला लावला म्हणजे?”

“म्हणाल्या, दोघांना एकसारखं ठेव.”

“तिला ठाऊक आहे ना इथं रंग नसला की काय समजतात?”

“ठाऊक आहे. मी सांगितलं होतं.”

तो स्टुलावर बसला. शैलानं फोटोवरून हात फिरवला, आईच्या कपाळापाशी थांबवला आणि मागे घेतला.

“परवापासून जेवत नाही नीट,” उदय फरशीकडे बघत म्हणाला. “मी म्हटलं, आई, लोक काय म्हणतात ते तरी बघ. तर म्हणाली, करा तुम्ही सोमवारी काय करायचंय ते, मला काही विचारू नका. मला वाटलं, तयार झाली.” त्यानं मान वर केली. “तुमच्याजवळ काही बोलली का? बाबांचं?”

दिनूकाका दारात उभे होते. शैला माझ्याकडे बघत होती. फोटोतल्या मुलीचेच डोळे. मी एक शब्द बोलले असते तर सोमवारचा विधी टळला असता, हे मला स्पष्ट दिसत होतं. त्याबरोबर दुसरंही दिसत होतं.

“त्यांनी कपड्यांचे रंग सांगितले,” मी म्हणाले.

“बाबांच्याही?”

“हो.”

“सगळे आठवतात तिला?”

“सगळे.”

मग फोटो त्यानं माझ्याकडे सरकवला. “दोघांनाही रंग द्या. आईनं सांगितलेत तेच.”

“दादा,” शैला हळू आवाजात म्हणाली, “आणि सोमवारचं?”

“सोमवारी काही नाही. मी गुरुजींना सांगतो. आई असताना तिला असं भिंतीवर लावायचं का मी?”

“पण त्यांचे काका? मंडपात लोक विचारतील तेव्हा काय सांगायचं?”

“सांगायचं, गलाईला गेलेत,” उदय म्हणाला. “विट्यात कुणाचा बाप गलाईला गेलेला नसतो?”

त्या संध्याकाळी तो तासगावला जाऊन आला. काकांनी आढेवेढे घेतले, पण नवऱ्या मुलानं शैलाशीच लग्न करायचं असं निक्षून सांगितलं, आणि कुरकुरत का होईना, सगळं मार्गी लागलं. पत्रिकेत ‘श्री.’ छापलं गेलं. कन्यादान मामा-मामींनी करायचं ठरलं.

लग्नाचे फोटो आमच्याकडेच होते. दिनूकाका बोहल्यापाशी आणि मी दाराशी, अशी आम्ही वाटणी केली होती. दाराशी तिवईवर तो मोठा फोटो ठेवलेला होता. अंजिरी लुगडं, आकाशी सदरा, पिवळा फ्रॉक. त्याच्या शेजारी अनसूयाबाई येणाऱ्या बायकांना हळदीकुंकू लावत होत्या. एक दूरच्या नात्यातली वयस्क बाई फोटोपाशी थांबली. तिनं अनसूयाबाईंच्या हातातली कोयरी घेऊन त्यांना उलट कुंकू लावलं आणि फोटोकडे बघून विचारलं, “जोडा छान आहे हो. यजमान दिसले नाहीत कुठं?”

उदय दोन पावलांवर पाहुण्यांना गुलाबपाणी शिंपडत होता. तो झटकन वळला. पण त्याच्याआधी अनसूयाबाई बोलल्या, वळणावळणाचा रस्ता सांगावा तशा शांतपणे.

“गलाईला असत्यात. मदुरेच्या पुढं, एका लहान गावात. त्यास्नी यायला जमलं न्हाई.”

बाई “असं, असं” म्हणत आत गेली. अनसूयाबाईंनी कोयरी खाली ठेवली, कपाळावरून नाकावर सांडलेलं कुंकू बोटानं टिपलं आणि पुढच्या बाईकडे वळल्या.

उदय माझ्याजवळ आला. कितीतरी दिवसांनी तो मोकळा हसत होता.

“ऐकलंत का, मॅडम?” तो हलक्या आवाजात म्हणाला. “मी नुसतं गलाई म्हणालो होतो. आईनं तर बाबांना गावसुद्धा देऊन टाकलं.”

मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्याला आईच्या शेजारी उभं राहायला सांगितलं.